ऑपरेशन कोण करणार? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात भेटा, सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटा, प्रश्न तोच: "तुमच्याकडे ऑपरेशन तुम्ही स्वतः करता ना, की शिकाऊ डॉक्टर?" शिकाऊही करतात. एम.एस.ची, म्हणजे सर्जरीच्या शिक्षणाची, तीन वर्षं नुसतं टेबलाशेजारी उभं राहून कोणी सर्जन होत नाही.

पण त्यांना एकटं सोडलेलं नसतं. हर्नियाचंच घ्या. पोटाच्या भिंतीला आधार म्हणून बसवलेली जाळी जांघेतल्या हाडाच्या उंचवट्यावर थोडी पुढे आलेली हवी, नाहीतर हर्निया बरेचदा तिथूनच परत येतो. बारीक नस टाक्यात सापडली, तर माणूस वर्षानुवर्षं दुखण्यानं हैराण होतो. नस ओळखून दाखवल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही. टाका मनासारखा नसेल तर काढायला लावते. पुन्हा चुकला तर नीडल होल्डर, म्हणजे सुई धरायचं अवजार, माझ्या हातात.

मार्केट यार्डातल्या एका हमालाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी त्याच्या बायकोला सांगितलं, ही डॉक्टर करेल, मी समोर असेन. नको असेल तर मी करते. त्या रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या, एप्रनच्या काजाला सिल्कचा दोरा लोंबत होता, वरपासून खालपर्यंत गाठीच गाठी. बाईंनी तो बोटांत धरला. "हे काय?"

"गाठींची प्रॅक्टिस, मावशी."

बाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, खरं सांगा. पैसंवाल्याचा माणूस असता तर हिच्याच हातात दिला असता का?"

नवरा म्हणाला, "गप गं."

मी म्हणाले, "पैसेवाला असता तर तो इथे आलाच नसता."

"मग झालं की," म्हणाल्या आणि अंगठा उमटवला.

ऑपरेशन चांगलं झालं. पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

पूर्वी मी ठासून सांगायचे की प्रत्येक मोठा सर्जन कोणाच्या तरी शरीरावरच शिकला. आजही ते खरंच वाटतं. पण कोणाच्या? कोथरूड-औंधची माणसं जे अनुभवी हात निवडून घेतात, त्यांतले कितीतरी जनरल वॉर्डात घडलेले असतात. आणि मला हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण त्या वॉर्डात कधीच झोपणार नाहीत. राग येतो तो त्याचा.

थीसिससाठी पेशंटला चार प्रश्न विचारायचे तरी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, मराठीत माहितीपत्रक लागतं. नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही, हे लिहून द्यावं लागतं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात. शिकवण्याची संमती मात्र आमच्या फॉर्मवर एका ओळीत उरकते. सहकारी म्हणतात, सगळ्यांना विचारत बसलात तर पोरांना केसेस कुठून मिळणार? माझ्या युनिटमध्ये बहुतेक जण हो म्हणतात. पण त्या हो-मधला विश्वास किती आणि नाइलाज किती, हे मला कळत नाही. तरी मी विचारते. आणि त्या मुलीला ऑपरेशन करू देणंही थांबवणार नाही.