भिजवलेले गहू

ऑगस्टमधला मंगळवार. रात्रभर पाऊस, नाल्यावरून पाणी, तालुक्याचा रस्ता बंद. उपकेंद्रात दुपारपर्यंत जेमतेम पाच पेशंट. सहाव्या मावशी सुनेला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, एक सलाईन लावून द्या. आंगात ताकदच नाई."

इतर मंगळवारी बीपी घेऊन, गोळ्या देऊन पाठवलं असतं. आज वेळ होता म्हणून रजिस्टर मागे चाळलं. फेब्रुवारीपासूनची ही सातवी खेप: अंगदुखी, डोकं जड, पांढरं जाणं, हातापायाला मुंग्या, पुन्हा अंगदुखी. दर वेळी पॅरासिटामॉल, लोह, कॅल्शियम. बीपी नेहमी चांगलं. वजन मात्र ५२ वरून ४७ वर. आधीच्या सहा नोंदींतल्या चार माझ्याच अक्षरातल्या. सुट्या वाचल्या तर त्यांत काही नाही, एकाखाली एक वाचल्या की दिसतं. आमच्या भागातली बाई 'मन उदास आहे' असं सांगत दवाखान्यात येत नाही, ती अंग घेऊन येते.

आशाताई घरोघरी आजारांच्या तपासणीचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्याच्या शेवटी उदासीचे दोन प्रश्न असतात. मावशींच्या फॉर्मवर दोन्हीकडे शून्य. फॉर्म भरला होता अंगणात, दीर-जाऊ शेजारी बसलेले असताना. तिथे शून्याशिवाय दुसरं काय येणार?

तेव्हा आधी माणसं कमी केली. सून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच देत होती. तिला आशाताईंसोबत बाळाच्या वजनाला पाठवलं. आशाताईही नकोतच होत्या, दोघींची घरं भिंतीला भिंत लावून. खुर्ची टेबलाच्या अलीकडे, मावशींच्या बाजूला घेतली. मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकला. आणि सुरुवातीलाच सांगितलं, "इथलं बोलणं इथेच राहील. फक्त तुमच्या जिवाला धोका वाटला तर घरी सांगावं लागेल, तेही तुम्हाला विचारून." हे आधी सांगायचं. नंतर सांगितलं तर दगा वाटतो.

उदासी मोजायच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला, त्यावर प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. पहिलाच प्रश्न, कामात रस किंवा आनंद वाटतो का, आमच्याकडे आपटतो.

"आनंद? आमाले कायचा आनंद, मॅडम?"

हे उत्तर आजाराचंही असू शकतं आणि नुसतं परिस्थितीचंही, गुण कुठे द्यायचा? अशा वेळी भावनेबद्दल विचारायचं सोडून द्यावं आणि ती बाई एरवी जे करते ते विचारावं. मी विचारलं, "यंदा उन्हाळ्यात कुरड्या केल्या का?"

बराच वेळ काही नाही. इथेच बहुतेक मुलाखती बिघडतात. आपल्याला शांतता सोसत नाही, मग आपण पुढचा प्रश्न टाकतो किंवा 'होईल सगळं बरं' म्हणतो. मी मनात दहापर्यंत आकडे मोजते. आठपर्यंत गेले असेन.

"गहू भिजवले व्हते. तिसऱ्या दिवशी वाटायचे व्हते. उठलीच नाई मी. वास सुटला, मंग ढोरापुढं टाकले."

ज्यांच्या घरी कुरड्या होतात त्यांना याचा अर्थ सांगायला नको. गहू रोज पाणी बदलून भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा. एवढं करून ऐनवेळी गहू नासू देणारी बाई आळशी नसते. मी तिचेच शब्द परत म्हटले, "उठलाच नाहीत." मग पुढचं आपोआप आलं: पहाटे तीनला जाग येते, भाकरीचा घास फिरतो, नातवाचं रडणं सहन होत नाही आणि त्याचीच नंतर लाज वाटते. मी 'देवाचं नाव घ्या', 'नातवाकडे बघा' असलं काही म्हटलं नाही. नातवाकडेच बघून तर तिला अपराधी वाटत होतं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा समज कर्मचाऱ्यांमध्येही घट्ट आहे. तसं होत नाही, उलट विचारल्यावर माणसाचे खांदे उतरतात. मात्र पायरीने विचारावं. जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का? कसं, कधी, काही ठरवलंय का?

"ठरवलं नाई. पण गोठ्यात गेली का नजर जाते."

फवारणीचे दिवस. गोठ्यात काय असतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे.

बेरीज १८ आली, म्हणजे मध्यमाच्या वरची तीव्रता. त्यात नवव्या प्रश्नाचा गुण फक्त १, कारण विचार अधूनमधूनच यायचे. बेरजेवर विसंबलं की हा एक गुण हरवतो. त्या दिवशीचं सगळं पुढचं काम त्या एका गुणावर ठरलं.

रस्ता बंद, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांशी फोनवर बोलले. मग मावशींची परवानगी घेऊन मुलाला बोलावलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ (ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात) तिथूनच लावून दिला आणि गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या आकड्यांत लिहिला. रात्री सून शेजारी झोपणार, हे ठरलं. फवारणीची औषधं घराबाहेर काढा म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "उद्या फवारायचं हाय ना." तेव्हा तडजोड अशी: कुलपाची पेटी गावाच्या दुसऱ्या टोकाला चुलत दिराच्या घरी, चावी त्याच्याकडे. यात हमखास चूक होते, नवी बाटली हलते आणि गेल्या वर्षीची अर्धी आढ्यावर राहते. आशाताई सोबत गेल्या म्हणून ती सापडली.

पाणी ओसरल्यावर जिल्हा रुग्णालय. हिमोग्लोबिन ९.२, थायरॉईड ठीक. काही थकवा रक्ताचा असणार, पण पहाटेची जाग रक्ताची नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांनी उदासीवरचं एस्सिटॅलोप्रॅम ५ मिलिग्रॅमवर सुरू केलं, आठवड्याने १०. पहिल्यांदा सातच दिवसांच्या गोळ्या, त्याही सुनेच्या हाती. पाचव्या दिवशी मावशींनी बंद केल्या, कारण मळमळ. रिकाम्या पोटी घेत होत्या. नाश्त्यानंतर घ्या, मळमळ बहुधा आठवडाभरात जाते आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. राहून गेलं.

दर आठवड्याला अर्धा तास बोलणं. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांत हेच करून दाखवलं आहे: मन लागेल तेव्हा काम करू असं न म्हणता छोटं काम आधी, मन मागून येतं. काम खरंच छोटं हवं. श्रावण होता, घरात कापूस होता. रोज पाच वाती, ओट्यावर बसून, जावेसोबत. पहिल्या आठवड्यात तीन दिवस झाल्या, चार दिवस नाही. तीन दिवसांबद्दल विचारलं, चारांबद्दल नाही.

सहाव्या आठवड्यात बेरीज ९, नववा प्रश्न ०. मुलगा विचारायला आला, आता पेटी घरी आणू का, फवारणीला रोज तिकडे जावं लागतं. गोळ्या बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालतील, तोवर पेटीही तिकडेच, असं सांगितलं. तो थोडा वैतागला. चावी अजून चुलत दिराकडेच आहे.