तुम्ही विचारलंत म्हणून: संस्था वाढवली का नाही?

"इतकी वर्षं झाली, संस्था वाढली कशी नाही?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, यवतमाळला बैठकीला गेलं की विचारतात, देणगीदार तर पहिल्याच फोनवर विचारतात. आजवर "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते, कारण या प्रश्नात एक आरोप असतो आणि तो मला लागतो. यांना काम वाढवायचं नाही, आपलं लहानसं राज्य सांभाळून बसायचंय, असा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांतल्या कोलाम पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या छोट्या वस्त्यांवर, आम्ही सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांची पाळणाघरं चालवतो. "तिथे अंगणवाडी आहे ना?" आहे, आणि ती असायलाच हवी. १९७५ पासून सरकारने जे पसरवलं ते कुठल्याच संस्थेला जमलं नसतं. पण अंगणवाडीत येऊन बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, तीही काही तास. त्याहून लहान लेकरासाठी घरी न्यायचा शिधा मिळतो. पाकीट घरी पोचतं, पण ते शिजवून दर दोन-तीन तासांनी भरवायचं कुणी? आई कापूस वेचायला गेलेली. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे पाजायला उठलं की तेवढा कापूस कमी भरतो. मग बाळ धुऱ्यावरच्या झोळीत, नाहीतर घरी बहिणीच्या कडेवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत असल्याचं आलं. पोडावर वेचणीचा एक दिवस काढला की हा आकडा कळतो.

एका पाळणाघराला दोन बाया लागतात. एक चुलीजवळ असते तेव्हा दुसरीचं लक्ष लेकरांवर हवं. दोघी त्याच पोडातल्या हव्यात, कारण वर्षाच्या बाळाला कोलामी सोडून काही कळत नाही, आणि त्याची आई परक्या बाईजवळ बाळ ठेवत नाही. अशा दोघी मिळायला कधी एक हंगाम जातो, कधी दोन. संस्था न वाढण्याचं निम्मं उत्तर एवढंच आहे.

उरलेलं निम्मं सांगायला अवघड आहे.

काही वर्षांपूर्वी, आमची काही पाळणाघरं ज्या कंपनीच्या पैशावर चालत होती, तिने मोठा प्रस्ताव ठेवला. एका वर्षात शंभर ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी एकच बाई, मुलं पंचवीस, वय दोन ते सहा. म्हणजे बहुतेक अंगणवाडीत जाणारी मुलंच पुन्हा मोजायची आणि सगळ्यात लहान, सगळ्यात खर्चिक लेकरं वगळायची. समोर बसलेला अधिकारी वाईट माणूस नव्हता. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे, ३१ मार्चला हिशेब द्यायचा, आणि वरच्यांना लाभार्थींचा आकडा दाखवायचा. त्याच्या तक्त्यात 'प्रति मूल खर्च' असा रकाना होता आणि त्यात आम्ही फार महाग ठरत होतो. शिवाय यवतमाळ केंद्र सरकारच्या 'आकांक्षित', म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत नाही. विदर्भातले दोनच आहेत, गडचिरोली आणि वाशीम. इथे पैसे द्यायचे तर आकडा तरी मोठा हवा, असं तो म्हणाला. पंचवीस लेकरांमागे एक बाई, जवळ पेटती चूल आणि मागे नाला, हे मी करणार नाही, असं मी सांगितलं. मग चालू असलेल्या ठिकाणांचे पैसेही पुढच्या वर्षी आले नाहीत.

वेचणी सुरू झाली तेव्हा ती पाळणाघरं बंद होती. एका पोडावरची आमची बाई काही दिवस बिनपगारी आली, मग तीही वेचायला गेली. तिलाही घर चालवायचं होतं. नंतर गावातल्या शाळेतून गुरुजींचा फोन आला, पाचवीतली एक मुलगी येत नाही म्हणून. मी गेले. मुलगी ओसरीत बसली होती, सव्वा वर्षाचा भाऊ कडेवर. त्याला घेऊन ती शाळेतही जाऊन आली होती. गुरुजींनी बसू दिलं, पण तो रडायचा, वर्ग थांबायचा, आणि तिचीच तिला लाज वाटायला लागली. हाच भाऊ आमच्याकडे होता तेव्हा ती रोज शाळेत जात होती.

आई संध्याकाळी आली. मी तिला सगळं सांगितलं, एका बाईच्या भरवशावर पंचवीस लेकरं ठेवण्यात काय धोका आहे तेही. तिने ऐकून घेतलं.

"तुमचं म्हननं बरोबर असन ताई. पन एक बाई ठेवली असती तं तेवढी तरी राहिली असती. आता तं एकबी नाही. नाला आता दूर गेला का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तरीही तो प्रस्ताव पुन्हा आला तर मी नाहीच म्हणेन, असं मला वाटतं. 'वाटतं' म्हणते, कारण तिच्या ओसरीत बसून हे म्हणणं आणि इथे लिहिणं यात फरक आहे.

काम सुरू केलं तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, पाच वर्षांत दोन्ही तालुके. वहीत लिहिणारी ती तेव्हाची मी मला अधूनमधून जाब विचारते. दर्जाच्या आड लपतेस, म्हणते. मी तिला गडचिरोली दाखवते. बंग डॉक्टर दांपत्याने घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम ३९ गावांत केलं. १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. संस्था शंभरपट न होताही काम देशभर गेलं. यावर ती विचारते, तुझ्याकडे तसा पुरावा आहे? त्यांनी तुलनेला दुसरी ४७ गावं घेऊन मोजमाप ठेवलं होतं. आमच्याकडे वजनांच्या वह्या आहेत आणि आयांचा भरवसा. त्यावर कुठलं सरकार योजना करेल?

आता काही ठिकाणं लोकांच्या छोट्या देणग्यांवर पुन्हा चालू झाली आहेत. एका ग्रामपंचायतीने पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ५ टक्के अबंध, म्हणजे गावाने ठरवून खर्चायच्या, निधीतून दुसऱ्या बाईचं मानधन द्यायचं ठरवलं. सरकारच्या 'पाळणा' योजनेतून अंगणवाडीला जोडून पाळणाघरं पोडापर्यंत आली, तर आमच्या बाया तिथे लागाव्यात आणि आमची संस्था खुशाल बंद व्हावी, असं मी मनापासून म्हणते.

या महिन्यात नव्या देणगीदाराचं पत्र आलंय. साठ ठिकाणं, वय सहा महिन्यांपासूनच, एक बाई पूर्ण वेळ आणि दुसरी अर्धा दिवस. ही देणगी घ्यावी, असं माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींचं मत आहे. अर्धा दिवस म्हणजे दुपारनंतर एकच बाई, असं मी म्हणते. "आणि सकाळी दोन, ताई," असं त्या म्हणतात. पत्राला उत्तर अजून गेलेलं नाही.