थेंबांनी मोतीबिंदू विरघळेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी डोळ्याच्या भिंगातल्या प्रथिनांवर काम करते हे कळलं की लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही हाच प्रश्न येतो: "मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा ना? मग तो विरघळवायला एखादा थेंब का नाही निघत?"

पडदा कुठून येत नाही. पारदर्शक होतं तेच भिंग गढूळ झालेलं असतं. मला नवल वाटतं ते आधीची इतकी वर्षं ते स्वच्छ राहतं याचं. भिंगाच्या वजनात साधारण एक तृतीयांश नुसती प्रथिनं असतात. दुधात शंभर भागांत तीन-साडेतीनच असतात, आणि साय काढलेलं दूधसुद्धा पांढरंच दिसतं. दुधातलं केसीन हे प्रथिन मोठ्या गोळ्यांनी असतं. भिंगातली क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं (अल्फा, बीटा आणि गॅमा) त्या मानाने फार लहान. पण नुसत्या लहानपणानेही भागत नाही.

पाण्यात थोडंसं अल्फा क्रिस्टॅलिन घालून प्रकाश सोडला, तर तो थोडा विखुरतो. प्रथिन वाढवत नेलं की विखुरणं वाढतं. आणि मग, आणखी दाटी केली की, कमी व्हायला लागतं! १९८३ साली फ्रान्समध्ये डेले आणि तार्दियू या दोघी संशोधिकांनी याचं कारण दाखवून दिलं. प्रकाश विखुरतो तो प्रथिनांच्या विरळ-दाट असण्यामुळे. दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये माणसं कुठे घोळक्याने बसतात, कुठे बाक मोकळे असतात. सकाळच्या गर्दीत मात्र दारापासून खिडकीपर्यंत सगळीकडे सारखीच दाटी, कुणाला सरकून घोळका करायलाही जागा नाही. भिंगातली प्रथिनं तशी उभी असतात. रांगेत नव्हे, पण शेजाऱ्यापासून ठरावीक अंतरावर. प्रकाशाला ते सगळं एकसंध काचेसारखं लागतं.

आता या गर्दीत एकमेकांची ओढ किती असावी? फार ओढ असली तर घोळके होणार, हे उघड आहे. पण २००७ साली अल्फा आणि गॅमाच्या मिश्रणावर झालेल्या कामातून कळलं की ओढ अगदी नसली तरीही बिघडतं. मग गॅमा गॅमांजवळ जातात, अल्फा अल्फांजवळ राहतात आणि मिश्रण फाटायला लागतं. त्या दोघांत थोडीशीच, हलकी ओढ हवी. मला हे वाचून त्या रात्री झोप लागली नव्हती.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी आमच्या सरांनी उंदराच्या पिल्लाचं भिंग काचेच्या बशीत ठेवून बशी बर्फावर ठेवली होती. ज्वारीच्या दाण्याएवढं, स्वच्छ. थोड्या वेळात त्याच्या मधोमध पांढरा ठिपका उमटला, भोवतीची कड मात्र काचेसारखीच. सर म्हणाले, "आता बशी तळहातावर धर." मी धरली. ठिपका आक्रसत गेला आणि नाहीसा झाला. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल थिजतं आणि उन्हात ठेवलं की निवळतं, तसंच दिसलं. आत घडतं ते वेगळं. थंडीत गॅमा प्रथिनांची आपसातली ओढ वरचढ होते, त्यांचे दाट थेंब वेगळे पडतात आणि त्या थेंबांवर प्रकाश विखुरतो. एकही रेणू मोडलेला नसतो, म्हणून ऊब मिळताच सगळं पूर्ववत होतं.

जन्मजात मोतीबिंदूच्या एका प्रकारात असाच, पण उबेने न परतणारा प्रकार घडतो. गॅमा-डी प्रथिनाच्या साखळीत २३व्या जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. बाकी प्रथिनाची घडी, म्हणजे साखळी दुमडून झालेला आकार, जशीच्या तशी. फक्त बाहेरचा एक कोपरा चिकट होतो, आणि तेवढ्याने बाळाचं भिंग गढूळ होतं.

वयाबरोबर येणारा मोतीबिंदू बहुतेक वेळा खोबरेलासारखा नसतो, तो उकडलेल्या अंड्यासारखा असतो. भिंगाच्या आतल्या पेशींनी स्वच्छतेसाठी आपलं केंद्रक आणि प्रथिनं बनवायची सगळी यंत्रणा टाकून दिलेली असते. त्यामुळे एकदा बनलेलं प्रथिन जन्मभर पुरवायचं. ऊन, धूम्रपान, मधुमेह, नुसतं वय, प्रत्येकाचा घाव त्यावर साठत जातो. घडी सैल झालेल्या रेणूंना अल्फा क्रिस्टॅलिन धरून ठेवतं. त्याचं हे काम १९९२ साली संशोधक जोसेफ हॉरविट्झ यांनी उजेडात आणलं. पण हा सांभाळणाराही नवा येत नाही. 'चाळिशी लागली' म्हणतो त्या सुमाराला भिंगाच्या गाभ्यातलं मोकळं अल्फा जवळपास संपलेलं असतं. मग गाठी बनतात. प्रथिन तेवढंच असलं तरी दहा रेणू एका गाठीत आले की प्रकाश सुमारे दहापट विखुरतो. गाठी रासायनिक बंधांनी शिवल्या गेल्या की उबेने सुटत नाहीत.

म्हणून थेंबांचं उत्तर आज तरी 'नाही' असंच आहे. २०१५ साली लॅनोस्टेरॉल नावाच्या रसायनाने कुत्र्यांचा मोतीबिंदू कमी झाल्याची बातमी आली तेव्हा मीही हरखले होते. पण इतरांनी माणसाच्या डोळ्यातून काढलेल्या मोतीबिंदूवर ते वापरून पाहिलं, तर काही फरक पडला नाही. जाहिरातीतले थेंब घालत शस्त्रक्रिया लांबवू नका, हे मी हात जोडून सांगते.

माझ्या आईचं एका डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. पट्टी निघाल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून एकदा हा डोळा झाकत होती, एकदा तो. नव्या भिंगातून ओट्यामागची टाइल पांढरीशुभ्र, जुन्यातून हळदीचा हात लागल्यासारखी. "इतकी वर्षं मी ही पिवळीच समजत होते गं," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की त्या जुन्या भिंगाच्या अगदी मधली प्रथिनं आजीच्या पोटात असतानाच तयार झालेली आहेत, तिच्या जन्माच्याही आधी. तिने डोळ्यावरचा हात काढला आणि विचारलं, "मग ऑपरेशन झालेल्या डोळ्यातलं ते टाकून दिलं का गं त्यांनी?"