पदकांच्या फितीच करड्या झाल्या, मग उरलं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ध्वजवंदनाला किंवा माजी सैनिकांच्या सत्काराला कॅमेरा घेऊन गेलं की हा प्रश्न ठरलेला: फोटो कृष्णधवल करून रंग काढून टाकता कशाला?

शंका रास्त आहे. वीरचक्राची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. पदक ओळखायचं ते रंगावरूनच. म्हणून रंगीत प्रत ठेवायचीच. पण सत्काराच्या जागेचं चित्र डोळ्यांसमोर आणा. लाल-पिवळ्या कापडाचा मंडप, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे पुढाऱ्यांचा भलामोठा फ्लेक्स. रंगीत फोटोत नजर आधी फ्लेक्सवर जाते, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर नंतर. शिवाय मंडपाच्या कापडातून उतरलेली लाल छटा चेहऱ्यावर बसते, ती रंगीत फोटोत धड निघत नाही. कृष्णधवलमध्ये तिचा प्रश्नच उरत नाही. मात्र अशा उजेडात निळ्या वाहिनीत (फोटोतल्या निळ्या रंगाच्या थरात) माहिती जवळजवळ नसते, त्यामुळे रूपांतर करताना निळ्यावर भर दिला की चेहऱ्यावर नुसते दाणे उठतात.

फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल मोनोक्रोम ठेवा. पडद्यावर करडं दिसतं, फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. ते लागतातच, कारण नुसतं सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) शून्यावर आणणं म्हणजे कृष्णधवल नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात, त्यामुळे आपल्याकडच्या कार्यक्रमात हिरवी बेरे टोपी आणि तिच्यावरचा लाल-हिरवा तुरा पुन्हा पुन्हा समोर येणार. गडद लाल आणि गडद हिरवा करड्यात जवळपास एकसारखे उतरतात. तुरा टोपीत विरून जातो. एडिटिंगमध्ये लाल रंगाचा स्लायडर (त्या रंगाचा उजळपणा कमी-जास्त करणारी पट्टी) वर नेला तर तुरा सुटा होतो, पण सोबत ओठ आणि गालही उजळतात आणि सुरकुत्या पुसल्या जातात. म्हणून तुऱ्यापुरता मास्क करा, म्हणजे बदल तेवढ्याच भागावर होईल.

उलटी चूकही होते. सुरकुत्या ठळक व्हाव्यात म्हणून नारिंगी स्लायडर खाली ओढला जातो, आणि मागे तिरंगा असेल तर केशरी आणि हिरवा पट्टा सारखाच करडा होतो. झेंडा चौकटीत असेल तर नारिंगीला हात लावू नका. क्लॅरिटीचंही (बारीक तपशील ठळक करणाऱ्या स्लायडरचंही) तेच. तो स्लायडर फार वर नेला की सुभेदार साहेबांचा चेहरा बाभळीच्या सालीसारखा दिसतो. माणूस म्हातारा आहे हे दिसतंच, ते ओरडून सांगायला नको.

उभं कुठे राहायचं? त्यांच्या डाव्या अंगाला, थोडं पुढे. पदकं डाव्या छातीवर असतात आणि सलाम उजव्या हाताचा. उजवीकडून घेतलं तर कोपर आणि पंजा चेहऱ्यावर येतो. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स, छिद्र एफ ४, शटर १/२५० सेकंद. यापेक्षा हळू नको, या वयात सलामाचा हात थरथरतो.

जानेवारीतल्या सकाळच्या उन्हात पांढरी टोपी आणि सावळा चेहरा एका चौकटीत आला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर हमखास फसतो. एक्स्पोजर २/३ स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड) कमी करा, टोपीची शिवण टिकली पाहिजे. चेहरा रॉमधून नंतर उचलता येतो. जास्त उजेडाने फाटलेलं, तपशील गेलेलं पांढरं परत येत नाही. २६ जुलैला कारगिल विजय दिवस, आपल्याकडे भर पावसाचा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ८०० लागेल, पण ढगाळ उजेड डोळ्यांखाली काळ्या खाचा पाडत नाही. माझ्या मते वर्षातला सर्वांत चांगला उजेड तोच. सभागृहात एलईडी दिवे असतील तर मात्र १/२५० सोडून शटर १/१०० वर आणा, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे येतात.

पदकं चकाकतात म्हणून पोलरायझर (चकाकी कमी करणारं फिल्टर) लावून उपयोग नाही. धातूवरची चकाकी त्याने जात नाही. त्यांना जरासं वळायला सांगा, आणि एखादं पदक उलटं फिरलंय का तेही बघा, चालताना ते फिरतात. चष्म्यावर आकाश दिसत असेल तर काड्या कानावरून किंचित उचलायला सांगा.

मागून हाक मारू नका, बऱ्याच जणांना ऐकू कमी येतं. समोर जा. फोटो म्हटलं की ते सावधान होतात आणि चेहरा दगडाचा होतो. "साहेब, पलटण कुठली?" एवढं विचारा, आणि उत्तर चालू असताना बटण दाबा. कार्यक्रम लष्करी हद्दीत असेल तर परवानगीशिवाय कॅमेरा बाहेर काढायचाच नाही.

प्रत देताना मात्र सांभाळून. आपल्या घरांत भिंतीवरचा कृष्णधवल फोटो बहुतेक गेलेल्या माणसाचा असतो, त्याला हार असतो. "जिवंतपणीच टांगता काय?" असं घरचे म्हणणारच. म्हणून सोबत रंगीत प्रत द्या. नावाआधी हुद्दा अचूक लिहा: नायब सुभेदार म्हणजे सुभेदार नव्हे, आणि मानद कॅप्टनमधला ‘मानद’ गाळू नका. हे फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, अक्षरं पुढून उमटतात. चिठ्ठीवर लिहून ती फ्रेमच्या मागे चिकटवा.