आमची वाटचाल : दांडिया बाजारातली खोली आणि अडीच मिनिटांची गाणी

वडोद्यात दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. खोली १५ फूट बाय ११ फूट. सुरुवातीला इथे भजनं, भावगीतं आणि गरब्याचे ट्रॅक व्हायचे. पुढे पॉवर पॉप (गोड चालींची, जोरकस गिटारची गाणी) आणि पंक (वेगवान, खडबडीत रॉक) वाजवणारे बँड स्वतःच्या खर्चाने अल्बम करायला येऊ लागले, आणि तबला-पेटीला चालून गेलेल्या खोलीचे सगळे दोष उघडे पडले.

मिनिटाला १८० ठोक्यांची लय धरली, तर दोन ठोक्यांच्या मधे ३३३ मिलिसेकंद मिळतात आणि ठोक्याला दोन फटके धरले तर गिटारचे फटके १६७ मिलिसेकंदांच्या अंतराने पडतात. खोलीचा घुमारा त्याहून लांबला की पुढचा फटका मागच्यात बुडतो. आधी आम्ही भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. गोधडी झांजांची चमक शोषते आणि खर्ज तसाच राहू देते, म्हणून आवाज आणखी कोंदट झाला. १०० हर्ट्‌झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, दोन इंच कापड तिला काय अडवणार? कोपऱ्यांत फूटभर जाडीचं रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) रचलं, भिंतींवर चार इंची रॉकवूलच्या चौकटी मागे तेवढीच पोकळी सोडून लावल्या. तेव्हा कुठे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस गिटार वेगवेगळे ऐकू आले.

अल्बमचा निम्मा वेळ आम्ही ड्रमला देतो, आणि तो देण्यासारखाच आहे. स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या खणखणीत छोट्या ड्रमचा) पडदा तबल्यासारखाच कडेकडेने ठोकून सारखा करायचा. एक बोल्ट उतरलेला असेल तर प्रत्येक फटक्यामागे बारीक ‘टुंग’ रेंगाळतं आणि मिक्सिंगमध्ये ते काही केल्या जात नाही. वरच्या दोन माइकसाठी आम्ही सुतळी वापरतो. एक टोक स्नेअरच्या मध्यावर बोटाने दाबायचं, दुसरं ताणून डाव्या माइकच्या तोंडाला लावायचं, तिथे गाठ मारायची आणि तीच गाठ उजव्या माइकला जुळवायची. फूटभराचा फरक राहिला तर आवाज जवळपास एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि स्नेअर एका बाजूला सरकून पातळ होतो. स्नेअरच्या खालीही माइक असेल तर त्याची ध्रुवता (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटी करावी लागते, कारण फटक्यासरशी पडदा वरच्या माइकपासून दूर जातो आणि खालच्याकडे येतो. ड्रमरने झांजा थोड्या हलक्या आणि स्नेअर पूर्ण ताकदीने वाजवावा, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. जोरकस झांज सगळ्या माइकमध्ये शिरते आणि नंतर गायकाचे शब्द झाकून टाकते.

गिटारचा गेन (अँपमध्ये आवाज फाटवणारी वाढ) बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त ठेवतात. घरी एकट्याने वाजवताना तो भरदार वाटतो, पण बँडमध्ये फटक्याची धार जाऊन नुसती सरसर उरते. आम्ही गेन तिसऱ्या हिश्श्याने उतरवतो आणि तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवतो. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे लावला तर तो मधोमधच ऐकू येतो. सूर लावताना तार वाजवणार तितक्याच जोराने छेडावी. हलक्या हाताने लावलेली तार जोराच्या फटक्याला चढी बोलते. हे दर टेकआधी करतो. रामोन्स या अमेरिकन पंक बँडच्या १९७६च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी सुमारे २९ मिनिटांत आहेत, तिथे गिटार एका कानात आणि बेस दुसऱ्या कानात आहे. एकच गिटारवादक असलेल्या बँडला ही रचना आजही ऐकवतो.

पॉवर पॉपचा जीव ध्रुवपदात आहे. मुख्य गळा दोनदा, त्यावर गंधाराच्या अंतराने दुसरा गळा आणि टाळ्या. टाळ्यांना चार जण एका माइकभोवती उभे करतो, तीन टेक घेतो आणि दर टेकला जागा बदलायला लावतो, म्हणजे गर्दी खरी वाटते.

शेवटचा आवाज किती मोठा, यावर बँडशी दरवेळी चर्चा होते. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ लफ्सला (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणून ठेवतं. उणे ७ पर्यंत दाबलेलं गाणं तिथे ७ डेसिबलने खाली येतं, आणि दाबताना गेलेला स्नेअरचा ठोका काही परत येत नाही. विनाइलसाठी ३२ मिनिटांचा अल्बम १२ इंची तबकडीवर प्रत्येक बाजूला १६ मिनिटं असा छान बसतो. आतल्या चरांत ‘स’ आणि झांजा फाटतात, म्हणून प्रत्येक बाजूच्या शेवटी मऊ गाणं ठेवायला सांगतो.

पावसाळ्यात गिटारच्या मानेचं लाकूड फुगतं आणि तारांची उंची बदलते. त्यामुळे वाद्यं आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवायला लावतो आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखतो. नवरात्रात रात्री माइक लावत नाही; गरब्याच्या मैदानातला खर्ज दीड फुटी भिंतीतूनही आत येतो. ते नऊ दिवस सकाळी मिक्सिंग.