एच-इंडेक्स किती असला म्हणजे चांगला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पदोन्नतीचे अर्ज भरायचे दिवस आले की परळपासून शीवपर्यंत मेडिकल कॉलेजांच्या लायब्ररीत हाच प्रश्न ऐकू येतो. अमुक डॉक्टरांचा एच-इंडेक्स ९ आहे, म्हणजे निदान नऊ वेळा उद्धृत झालेले त्यांचे नऊ पेपर (शोधनिबंध) आहेत, बरा की कमी? नुसत्या ९ वरून काहीच कळत नाही. आधी पेपरांची यादी दाखवा.

आकडा काढणं सोपं आहे. पेपर सायटेशनच्या, म्हणजे दुसऱ्या लेखांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला त्या आकड्याच्या, उतरत्या क्रमाने लावा. समजा ४१, १९, १२, ९, ६, ६, ४, २ अशी रांग लागली. सहाव्या पेपरला ६ आहेत, सातव्याला चारच. म्हणून एच-इंडेक्स ६. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५मध्ये ही मोजणी सुचवली. आता गंमत बघा. पहिल्या पेपरची ४१ उद्या ४०० झाली तरी आकडा ६च राहणार. उलट पाचव्याला एक, सहाव्याला एक आणि सातव्याला तीन, अशी पाच सायटेशन मिळाली की लगेच ७. स्वतःचेच तीन नवे पेपर लिहून त्यांच्या संदर्भयादीत हे पाचवा, सहावा, सातवा असे तिन्ही घातले की काम फत्ते! म्हणून स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये स्वतःची सायटेशन वगळून बघायची सोय आहे, ती वापरावी.

गूगल स्कॉलरवर बहुतेकदा आकडा जास्त दिसतो, कारण तिथे प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच प्रसिद्ध केलेले लेख), परिषदेतली टिपणं असं सगळं धरलं जातं. त्याला खोटं म्हणायचं कारण नाही, पण एकाचा गूगलचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा आकडा शेजारी ठेवून तुलना मात्र करू नये.

खरा घोळ नावांचा. एस. पाटील, ए. जोशी, एस. कुलकर्णी हे किती असतील, मोजा! गूगल प्रोफाइलमध्ये नवे पेपर आपोआप जोडायची परवानगी दिली असेल, तर भूलतज्ज्ञाच्या खात्यात मातीपरीक्षणाचा पेपर येऊन बसतो. ती सेटिंग बदलून ‘आधी मला विचारा’ करावी. स्कोपसमध्ये उलटंही होतं. लग्नाआधीचं आडनाव, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर कधी आहे कधी नाही, यामुळे एकाच बाईंची दोन-तीन प्रोफाइल तयार होतात आणि प्रत्येकात एच-इंडेक्स अर्धवट. ती एकत्र करायची विनंती स्कोपसलाच फुकट पाठवता येते. संशोधकाची स्वतंत्र ओळख असलेला सोळा अंकी ऑर्किड क्रमांक पहिल्या पेपरपासूनच दिलेला असेल तर ही यातायात बरीच वाचते.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर आपल्या पेपरच्या नावापुढे लिहिणारे पुष्कळ. तो जर्नलच्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळाली याचा हिशेब. तुमच्या लेखाला शून्य सायटेशन असली तरी तो तेवढाच.

मग बघायचं काय? एकेक पेपर. टाटा मेमोरियलचा २०१५चा ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधला पेपर घ्या. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आहे, मानेत गाठ लागत नाही. तरी मानेतल्या लसिकाग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की तिथे रोग दिसल्यावर? ५०० रुग्णांच्या निष्कर्षात तीन वर्षांनी जिवंत असलेले पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ६७.५. असा पेपर डॉक्टर उद्धृत करतात तो शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा असतो म्हणून. याउलट जागतिक आजारभाराच्या पेपरवर शेकडो नावं असतात. त्यातल्या मधल्या एका नावाला हजारो सायटेशन मिळाली, तर त्या व्यक्तीने नेमकं काय केलं ते आकड्यातून कळत नाही. लेखकाचं स्थान बघा: पहिला, शेवटचा, की पत्रव्यवहाराचा (पेपरबाबत ज्याच्याशी संपर्क साधायचा तो).

आणि काही काम आकड्यातून निसटतंच. मुंबईच्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. आज कुठल्याही रक्तपेढीत ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, आणि त्या दोन पानांचा संदर्भ द्यायची गरजही अनेकांना वाटत नाही.

अर्जात आकडा लिहाल तेव्हा शेजारी डेटाबेसचं नाव आणि पाहिल्याची तारीख लिहा. पुढच्या महिन्यात समितीने उघडून बघितलं तर तो वेगळा असू शकतो.