एबीएसचा पिवळा दिवा आणि चाकाजवळची एक तार

पावसाळ्याच्या अखेरीस कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरत असताना आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला आणि पुण्याला परत येईपर्यंत तो विझला नाही. ब्रेक नेहमीसारखेच लागत होते, त्यामुळे सोबतच्या मंडळींना त्यात काळजीचे काही वाटले नाही. मला मात्र ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबावा लागला तर चाके जागच्या जागी अडकतील आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणार नाही, ही धास्ती वळणावळणाला वाटत होती. परतल्यावर एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेव्हा स्कॅनर, म्हणजे गाडीतील दोषांचे कोड वाचणारे उपकरण, न जोडताच एबीएसचे अख्खे युनिट बदलावे लागेल असे सांगण्यात आले. तपासणीच झाली नसताना एवढा मोठा खर्च करणे मला पटले नाही, म्हणून निदान घरीच करायचे ठरवले.

१९७८ साली बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आली, तेव्हापासून या यंत्रणेचा पाया एकच आहे: प्रत्येक चाकाचा वेग सतत मोजत राहायचा आणि एखादे चाक अडकू लागले की त्याच्या ब्रेकवरील दाब क्षणभर सोडायचा. चारपैकी एका चाकाचा वेग जरी कळेनासा झाला, तरी यंत्रणा स्वतःला बंद करून घेते आणि दिवा लावते. हा वेग मोजणारा सेन्सर आणि त्याच्या तारा चाकापाशी, चिखलापाण्यात असतात. म्हणून संशयाची पहिली जागा तीच.

तत्पूर्वी एक गोष्ट अगदी स्पष्टपणे सांगायला हवी. पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल आणि हँडब्रेक पूर्ण सोडलेला असेल, तर गाडी चालवू नये. ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते किंवा मागच्या चाकांवरील दाब आवरणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. तिथे घरगुती प्रयोग नकोत.

आमच्याकडे फक्त पिवळा दिवा होता. प्रथम बॅटरी पाहिली, कारण व्होल्टेज उतरले तरी हा दिवा लागतो. इंजिन बंद असताना मल्टिमीटरवर १२.५ व्होल्ट आणि चालू असताना १४.१ व्होल्ट मिळाले. बॉनेटखालचे एबीएसचे फ्यूजही शाबूत होते. त्यानंतर स्कॅनर जोडला, आणि इथे अनेकांची फसगत होते. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात आणि ‘दोष नाही’ असे दाखवून मोकळे होतात. एबीएसचे, म्हणजे ‘सी’ अक्षराने सुरू होणारे कोड वाचणारे उपकरण घ्यावे लागते. मित्राकडून आणलेल्या तशा स्कॅनरवर सी००३५ हा कोड आला: पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. डावे म्हणजे चालकाच्या जागेवर बसून समोर पाहताना डावे. बॉनेटसमोर उभे राहून पाहणारा हमखास चुकीच्या चाकाकडे जातो.

कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नये. कोड फक्त कोणत्या चाकाकडून संदेश येत नाही एवढेच सांगतो; तो का येत नाही, हे आपल्यालाच शोधावे लागते. रविवारी सकाळी गाडी एका रिकाम्या मैदानात नेली. मुलगी शेजारी बसून स्कॅनरवरचे चारही चाकांचे वेग वाचत होती. सरळ जाताना चारही आकडे ताशी १२ किलोमीटरच्या आसपास होते, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवले आणि ती म्हणाली, “बाबा, पुढचं डावं शून्य झालं!” सरळ केले की आकडा परत येई. सेन्सर जिवंत होता, म्हणजे दोष तारेत असणार.

गाडी सपाट जागी जॅकवर घेतली, मागच्या चाकांना विटा लावल्या, खाली स्टँड ठेवला आणि चाक काढले. दोन महिन्यांपूर्वी त्या बाजूचे बेअरिंग बदलले होते. त्या वेळी सेन्सरची तार तिच्या क्लिपमध्ये परत बसवलीच नव्हती. ती मोकळी लोंबत होती आणि चाक उजवीकडे वळले की ताणली जाऊन शॉकअपच्या कडेला घासत होती. रबरी वेष्टण तिथे नखाएवढे फाटले होते. बोटांनी वाकवून पाहिले तर आतल्या तांब्यावर हिरवा कळंक चढलेला आणि बहुतेक धागे तुटलेले दिसले.

जुन्या गाड्यांत सेन्सरमध्ये चुंबक आणि तारेची गुंडाळी असते; अशा सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो आणि तो साधारण १ ते २ किलोओहमपर्यंत असतो. आमच्या गाडीसारख्या नव्या गाड्यांत सेन्सर विजेवर चालतो. त्याचा रोध मोजून काही उमगत नाही, उलट सेन्सर बिघडण्याची भीती असते; म्हणून तेथे चालत्या गाडीतील आकडेच पाहावेत.

तार जोडून टेप गुंडाळण्याचा मोह मी टाळला, कारण ही तार प्रत्येक वळणाला वाकते आणि असा जोड तिथे फार काळ टिकत नाही. तारेसकट नवीन सेन्सर आणला, त्याची जागा घासून स्वच्छ केली, तार प्रत्येक क्लिपमध्ये बसवली आणि चाक जमिनीला टेकवण्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून ती कुठे ताणली जात नाही ना, हे पाहिले. मग कोड पुसून पुन्हा त्याच मैदानात गोल फेऱ्या मारल्या. उजव्या वळणावरही चारही आकडे टिकून राहिले. किल्ली फिरवल्यावर पिवळा दिवा काही क्षण लागून विझतो, आणि ते विझणे मी आता रोज गाडी काढताना आवर्जून पाहतो.